नेमबाजी आणि स्वसंरक्षण: कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमाने

[दृश्य: टेबलावर उघडं पुस्तक. शेजारी रिकामं एअर पिस्तूल, लोडिंगची जागा उघडी, नळी भिंतीकडे.]

नेमबाजीचं पुस्तक कामाचं आहे की नाही, हे अनुक्रमणिकेवरूनच कळतं. अर्धं पुस्तक शस्त्रांच्या प्रकारांनी आणि काडतुसांच्या तक्त्यांनी भरलेलं असेल आणि ट्रिगरसाठी जेमतेम दोन पानं असतील, तर ते परत ठेवावं. शिकवणारं पुस्तक साइट (नेम धरायची खूण, नळीवर एक पुढे आणि एक मागे) आणि ट्रिगर या दोनच गोष्टींवर रेंगाळतं, आणि त्यामागे साधं गणित आहे.

[दृश्य: साइटचं क्लोज-अप. मागच्या खाचेत पुढची साइट, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. मागे काळं वर्तुळ धूसर.]

10 मीटर एअर पिस्तूलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं. पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण 32 सेंटीमीटर धरू. हात हलला, अख्खं पिस्तूल 5 मिलिमीटर उजवीकडे सरकलं, पण दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या, तर छिद्रही 5 मिलिमीटरच उजवीकडे पडतं. गुण दहाच. आता हात अगदी स्थिर आहे, पण पुढची साइट खाचेत फक्त 1 मिलिमीटर उजवीकडे गेली आहे. 10 मीटरवर ती चूक 31 मिलिमीटरची होते. दहाच्या जागी सात.

म्हणून नजर पुढच्या साइटवर ठेवायची. तिच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना दिसलंच पाहिजे. नवशिका नेमकं उलट करतो. काळं वर्तुळ स्पष्ट बघण्याच्या नादात त्याची पुढची साइट अस्पष्ट होते, आणि एक मिलिमीटर कधी निसटला हे त्याला कळतच नाही. त्यात वर्तुळ क्षणभर बरोबर जागी आलेलं दिसतं आणि बोट झटका मारतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचे असे शॉट बहुतेक वेळा खाली डावीकडे जातात. पुस्तकात खाली डावीकडच्या ग्रुपचं, म्हणजे एकाच जागी पडलेल्या छिद्रांच्या घोळक्याचं, कारण दिलेलं आहे का, हे जरूर बघा. नुसतं ‘ट्रिगर हळू दाबा’ एवढं लिहिलं असेल तर लेखकाने काम अर्धंच केलं आहे.

[दृश्य: शूटरचे पाय. डोळे मिटून हात वर, मग डोळे उघडतात.]

या पायाभूत भागासाठी सोव्हिएत लेखक युर्येव यांचं ‘कॉम्पिटिटिव्ह शूटिंग’ अजूनही उजवं आहे. ते रशियनमधून इंग्रजीत आलेलं आहे. जड आहे, आणि सलग वाचायचं नाहीच. सांगाडा, स्नायू, श्वास आणि डोळा शॉटच्या वेळी काय करतात, ते त्यात तपशिलाने दिलं आहे. पवित्र्याचं प्रकरण एकेक परिच्छेद वाचावं आणि लगेच उभं राहून करून बघावं. लक्ष्यासमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात सैल ठेवून वर उचलायचा, डोळे उघडायचे. साइट लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे दिसली तर हात ओढून आणायचा नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. हात ओढला की स्नायू ताणलेला राहतो आणि शॉट सुटताना तो पिस्तूल पुन्हा आपल्या जागी खेचतो.

वेळेचंही असंच आहे. साइट स्थिरावल्यावर सहा-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्यायचा. त्यापुढे श्वास अपुरा पडतो, नजर थिजते, आणि डोळ्यांना साइट जुळलेल्या भासतात, प्रत्यक्षात त्या जुळलेल्या नसतात. स्पर्धेत 60 शॉटना 75 मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. शॉट सोडून देण्याइतका वेळ नक्की असतो. सोडून देणं हे कौशल्य आहे, आणि ते शिकवणारी पुस्तकं कमी आहेत.

[दृश्य: पेलेटचा (छर्ऱ्यांचा) डबा दुसऱ्या खोलीत ठेवला जातो. दार बंद.]

वाचनाला जोड हवी ती ड्राय प्रॅक्टिसची, म्हणजे रिकाम्या शस्त्राने सरावाची. दारूगोळा दुसऱ्या खोलीत. चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, पण त्या भिंतीपलीकडे कोणी नसावं. कोरी भिंत अशासाठी की नजरेला पळायला दुसरी जागाच उरत नाही. पुढची साइट तेवढी दिसते आणि ट्रिगर सुटताना ती हलली की नाही हे लगेच कळतं. पंधरा मिनिटं पुरे. थकल्यावर केलेला सराव चुकाच पक्क्या करतो. एअर पिस्तुलांत बहुधा ड्राय सरावाची वेगळी सोय असते, ती वापरावी. पॉइंट टू टूच्या, म्हणजे .22 काडतुसाच्या, शस्त्रावर मात्र रिकामा घोडा पाडत राहू नका. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी खीळ, चेंबरच्या कडेवर आपटते आणि खुणा पडतात. त्यासाठी डमी काडतूस घ्यावं.

ब्रायन एनॉस यांचं 1990 सालचं ‘प्रॅक्टिकल शूटिंग: बियॉन्ड फंडामेंटल्स’ खूप सुचवलं जातं. सुंदर पुस्तक आहे, पण नावातच सांगितलंय की ते पायाभूत गोष्टींच्या पुढचं आहे. नजर कधी साइटवर आणि कधी लक्ष्यावर ठेवायची, हे त्यात बारकाईने येतं. पुढची साइट धारदार दिसायची सवय नसलेल्याने ते आधी वाचलं तर दोन्हीकडून जाईल.

[दृश्य: उघडी वही, शॉटच्या नोंदी.]

मनाच्या तयारीसाठी अमेरिकन नेमबाज लॅनी बॅशम यांचं ‘विथ विनिंग इन माइंड’. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये स्मॉलबोअर रायफल थ्री पोझिशनमध्ये (झोपून, उभं राहून आणि गुडघ्यावर बसून मारायच्या प्रकारात) त्यांना रौप्य मिळालं. ते त्यांना सलत राहिलं, आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्यांना भेटून ते विचारत फिरले की वेगळं काय करता. 1976मध्ये माँट्रियलला त्यांनी सुवर्ण जिंकलं. त्यांच्याच संघातल्या मार्गारेट मर्डॉक यांचेही गुण तेवढेच होते, 1162, म्हणून बॅशमनी त्यांनाही वरच्या पायरीवर ओढून घेतलं. पुस्तकाचा उपयोग वही ठेवण्यासाठी करा. चांगला शॉट सुटला तेव्हा आपण काय केलं, ते लिहायचं. चुकांची यादी रोज वाचली तर मन चुकांचीच तालीम करतं.

[दृश्य: रस्त्याचा कोपरा. कडेने चालणारी व्यक्ती मान वर करून बघते.]

स्वसंरक्षणाची पुस्तकं हा वेगळा विषय. यातली चांगली पुस्तकं शस्त्राबद्दल कमीच बोलतात. जेफ कूपर यांचं 1972चं ‘प्रिन्सिपल्स ऑफ पर्सनल डिफेन्स’ छोटंसं आहे, आणि त्यातलं पहिलं तत्त्व सावधपणा आहे. कूपरनीच रूढ केलेले चार रंग, पांढरा (बेसावध), पिवळा (सावध), नारिंगी (संभाव्य धोका हेरलेला) आणि लाल (प्रतिकाराला तयार), अनेकदा चुकीचे समजावले जातात. ते धोक्याची पातळी सांगत नाहीत. आपलं मन कुठल्या अवस्थेत आहे ते सांगतात. धोका समोर असताना मन पांढऱ्यात असू शकतं, आणि घात तिथेच होतो.

घरात एकच पुस्तक सर्वांनी वाचायचं असेल, शस्त्राला कधीच हात न लावणाऱ्यांनीही, तर ते गॅव्हिन डी बेकर यांचं 1997चं ‘द गिफ्ट ऑफ फिअर’. हल्लेखोर आधी जाळं कसं टाकतो, हे त्यात उलगडून दाखवलंय. अनोळखी माणूस एकदम ‘आपण’ म्हणू लागतो, जणू दोघं एकाच अडचणीत आहेत. न मागता मदत करतो, म्हणजे समोरच्याला उपकाराचं ओझं वाटावं. कोणी विचारलेलं नसताना तपशील पुरवतो, वचनं देतो. आणि सगळ्यात ठळक खूण: ‘नको’ म्हटल्यावर तो ऐकत नाही. पिशवी मी धरतो. नको. अहो, धरू द्या की. इथे भिडेखातर हो म्हणायचं नाही. ज्याने छोटा नकार मानला नाही तो मोठाही मानेल असं धरून चालू नये, अंतर वाढवायचं.

मसाद आयूब यांचं 1980चं ‘इन द ग्रॅव्हेस्ट एक्स्ट्रीम’ बळाचा वापर कधी समर्थनीय ठरतो यावर आहे. समोरच्याकडे इजा करण्याची क्षमता, तशी संधी आणि तसा इरादा दाखवणारी कृती हे तिन्ही एकत्र असावं लागतं, हा विचार कुठेही उपयोगी आहे. पण त्यातला कायदा अमेरिकेचा आहे. तो तिथेच ठेवून आपल्या देशाचा कायदा जाणकार वकिलाकडून समजून घ्यावा. फेअरबर्न आणि साइक्स यांचं 1942चं ‘शूटिंग टू लिव्ह’ शांघाय पोलिसांच्या अनुभवातून आलं. ते इतिहास म्हणून वाचा, सरावासाठी नको.

[दृश्य: प्रथमोपचाराची पेटी, टूर्निकेटचा पट्टा उलगडला जातो.]

या सगळ्या यादीत हमखास राहून जातं ते रक्तस्राव थांबवण्याचं पुस्तक. रेंजवर जाणाऱ्याने ते घ्यावंच आणि त्याचं प्रशिक्षणही घ्यावं. हाता-पायातून रक्त थांबत नसेल, उसळून येत असेल, तर टूर्निकेट, म्हणजे दांडीने पिळून आवळायचा पट्टा, जखमेपासून 5 ते 7 सेंटीमीटर वर, धडाच्या बाजूला बांधतात, कोपरावर किंवा गुडघ्यावर कधीच नाही. रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. दुखतं म्हणून बरेच जण मध्येच सोडतात, आणि अर्धवट आवळलेल्या पट्ट्याने रक्तस्राव उलट वाढू शकतो. एकदा आवळला की दवाखान्यापर्यंत सैल करायचा नाही, आणि बांधल्याची वेळ पट्ट्यावरच लिहायची.