ब्लॉग सुधारायचाय? मग महिनाभर नवीन पोस्ट लिहू नका

नमस्कार मंडळी.

ब्लॉग सुधारायचा असं मनात आलं की माणूस पहिल्यांदा काय करतो? थीम बदलतो. हेडरवर गेटवेचा फोटो लावतो, रंग बदलतो. आणि मग गुढीपाडव्याला संकल्प करतो, आता दर आठवड्याला एक पोस्ट. अक्षय्य तृतीया येईपर्यंत संकल्प बारगळलेला असतो, आणि ब्लॉग नव्या रंगात तसाच पडून. लिफ्ट बंद आणि सोसायटीने बिल्डिंगला बाहेरून रंग दिला, असला प्रकार.

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. महिनाभर नवं काहीही लिहू नका. जुनं उघडा. कारण तुमच्याकडे येणारा वाचक दारातून येतच नाही. होमपेज बघतो कोण? कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक टाकलेली असते, किंवा गूगलवर काहीतरी शोधताना तो थेट तुमच्या सात वर्षांपूर्वीच्या पोस्टवर येऊन पडतो. त्याच्यासाठी ती एक पोस्ट म्हणजेच तुमचा ब्लॉग.

आता कुठली जुनी पोस्ट आधी घ्यायची, हे आपल्या मनाने ठरवू नका. आपल्याला आपली आवडती पोस्ट सगळ्यात चांगली वाटते, आणि लोक भलतंच काहीतरी वाचत असतात. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, ब्लॉगर असो वा वर्डप्रेस, जोडता येतं.

(स्क्रीनवर सर्च कन्सोलचं परफॉर्मन्स पान)

हे बघा. मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचं दिसतं. लोकांनी काय टाईप केल्यावर तुमची पोस्ट दिसली, आणि किती जणांनी ती उघडली. मला यातल्या त्या पोस्ट हव्यात ज्या दिसतात भरपूर, पण उघडत कुणी नाही. समजा तुमची एक पोस्ट आहे, 'एक हिरवी सकाळ'. छान नाव आहे. पण आत राणीच्या बागेबद्दल लिहिलंय, आणि लोक शोधतायत 'राणीची बाग तिकीट', 'राणीबाग कधी बंद असते'. शीर्षक बघून त्यांना कळणार कसं की हे इथे आहे? 'राणीच्या बागेतली एक हिरवी सकाळ' एवढं केलं तरी खूप झालं. आणि मजकुरात एकदा तरी वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे पूर्ण नाव येऊ द्या, भायखळाही येऊ द्या. एकाच जागेला मुंबईत तीन-तीन नावं असतात आणि प्रत्येकजण आपापल्या नावाने शोधतो. प्रभादेवी स्टेशनचंच घ्या. 2018 मध्ये नाव बदललं, पण एल्फिन्स्टन म्हणणारी पिढी अजून लोकलने फिरतेय. दोन्ही नावं ठेवा.

आता मुद्द्याचं. जुन्या पोस्ट उघडल्या की त्यांचे सरळ दोन गठ्ठे करा. माहितीच्या पोस्ट आणि आठवणीच्या पोस्ट. कारण माहिती शिळी होते, आणि आठवण मुरते. दोघींना एकच औषध चालत नाही.

माहितीची पोस्ट आधी. राणीच्या बागेचं तिकीट मोठ्यांना 5 रुपये होतं, 2017 मध्ये ते 50 झालं. तुमची पोस्ट 2016 ची असेल तर तुम्ही आजही लोकांना 5 रुपये सांगताय. बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं 2019 मध्ये 8 वरून 5 वर आलं आणि 2025 च्या मे महिन्यात 10 झालं. म्हणजे 'पाच रुपयांत मुंबई दर्शन' असली पोस्ट ज्यांनी ज्यांनी लिहिली, त्यांची सगळ्यांची एका दिवसात जुनी झाली. इथे काय करायचं? पोस्टच्या अगदी वर, पहिल्या ओळीच्याही आधी, एक ओळ टाका: 'ही माहिती अमुक महिन्यात, अमुक साली तपासली आहे.' चुकीचा आकडा बदला. मूळ तारीख मात्र बदलू नका. जुन्या पोस्टवर आजची तारीख चिकटवून ती नवी म्हणून खपवणारे ब्लॉग मी बघतो. वाचकाला ते दोन परिच्छेदांत कळतं.

आणि जी माहिती तुम्हाला दरवर्षी तपासणं जमणारच नाही, ती काढूनच टाका. वेळापत्रक तुम्ही कशाला देताय? ते रेल्वे देते. तुम्ही ते सांगा जे रेल्वे सांगणार नाही: कुठल्या पुलावरून उतरलं की भाजीवाल्यांची गर्दी चुकते.

आता आठवणीची पोस्ट. हिला हात लावू नका. समजा तुम्ही 2012 मध्ये लिहिलंय की मुलीला घेऊन डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसलो आणि झाडाच्या फांद्या काचेवर आपटत होत्या. बेस्टच्या त्या जुन्या डिझेल डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला शेवटच्या धावल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. तुम्ही लिहिलंत तेव्हा ती साधी रविवारची गोष्ट होती, आज तो पुरावा आहे. त्यातली भाषा आता बाळबोध वाटली तरी राहू द्या. शुद्धलेखन सुधारा हवं तर. फक्त खाली दोन ओळी जोडा: हे कुठल्या साली, बस कुठून कुठे, तिकीट किती पडलं. त्या वेळी हे लिहायची गरज वाटली नसेल, कारण सगळ्यांनाच माहीत होतं. आता नाहीये.

फोटोंचंही तेच. चाळीच्या गॅलरीतला फोटो, खाली ओळ काय? 'जुने दिवस'. अहो, कुठली चाळ, कुठला रस्ता, कुठलं साल? ते लिहिलं नाही तर त्या फोटोचा उपयोग फक्त तुम्हाला. आणि ते लिहिलं तर गूगललाही तो सापडतो. फोटो टाकताना पर्यायी मजकुराची जी चौकट असते ना, आल्ट टेक्स्ट, तिच्यात फोटोत काय दिसतंय ते एका वाक्यात लिहा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असे वाचक स्क्रीन रीडरवर ब्लॉग ऐकतात, त्यांना तेवढंच मिळतं.

फोटोंबद्दल आणखी दोन गोष्टी, पटकन. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवू नका. रुंदी बाराशे पिक्सेलच्या आसपास आणा, वेबपी किंवा जेपेग या प्रकारच्या फाईलमध्ये दाबून लहान करा. स्क्वूश नावाचं गूगलचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं. पानाचा मुख्य भाग मोबाईलवर अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवं असं गूगलच म्हणतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात. घरच्या गणपतीचा फोटो म्हणजे घराचा पत्ता. टाकण्याआधी लोकेशन काढा.

आता येऊ माझ्या आवडत्या विषयाकडे. मराठी दिसते कशी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ब्लॉग सुधारण्याबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजी ब्लॉगवाल्यांनी दिलेले असतात. त्यांना वेलांटी आणि उकार सांभाळायचे नसतात.

देवनागरीत ओळीच्या वरही काहीतरी असतं आणि खालीही. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर चढतो. म्हणून ओळींमधलं अंतर वाढवा, अक्षराच्या आकाराच्या 1.6 ते 1.8 पट. अक्षर मोबाईलवर 18 पिक्सेलच्या खाली नको. अक्षरांमधलं अंतर म्हणजे लेटर स्पेसिंग, ते शून्यच ठेवा. काही इंग्रजी थीममध्ये शीर्षकाला ते दिलेलं असतं, आणि आपली शिरोरेषा तुटते, अक्षरं दोरीवरच्या चिमट्यांसारखी सुटी सुटी दिसतात. तिरकी अक्षरंही टाळा. मराठी फॉन्टमध्ये तिरका टाईप बहुधा नसतोच, ब्राउझर सरळ अक्षर नुसतं वाकवतो. दोन्ही बाजूंनी सरळ कडा, जस्टिफाय, मोबाईलवर अजिबात नको. आपले शब्द लांब, आणि ब्राउझर ते मध्ये तोडत नाही, मग ओळीत खिंडारं पडतात.

फॉन्ट? 'मुक्त' (Mukta) नावाचा घ्या. आपल्या मुंबईच्याच एक टाईप या संस्थेने केलाय, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. थोडं पुस्तकी रूप हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. आणि सेटिंगमध्ये ब्लॉगची भाषा 'मराठी' निवडलीय ना, ते बघा. कित्येकांची इंग्रजीच राहिलेली असते. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श वेगळा ठेवलेला असतो, पण भाषा मराठी आहे हे कळलं तरच तो दिसतो. नाहीतर हिंदी वळणाचा येतो. तुम्हाला चालेल कदाचित, मला नाही चालत.

तुमचं जुनं लिखाण श्रीलिपी किंवा कृतिदेव असल्या जुन्या टायपिंगमध्ये असेल तर ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आणा, नाहीतर ते कधीच शोधता येणार नाही. छापील लेखांचे नुसते फोटो टाकले असतील तर गूगल ड्राइव्हवर ते चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी मजकूर बऱ्यापैकी उचलतं. घ-ध आणि भ-म मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा.

लिंकचं एक सांगतो. मराठी शीर्षक जसंच्या तसं लिंकमध्ये गेलं की व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांचा डोंगर होतो. कारण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, अनुस्वारसुद्धा, लिंकमध्ये नऊ खुणा खातो. नुसतं 'मुंबई' लिहायला पंचेचाळीस. वर्डप्रेस लिंकचा हा तुकडा दोनशे खुणांवर कापतं, म्हणजे साधारण बावीस अक्षरांवर तुमचं शीर्षक मध्येच तुटतं. ब्लॉगर तर मराठी शीर्षक सोडूनच देतं आणि 'ब्लॉग-पोस्ट-अमुक' असा आकडा लावतं. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी लिंक हाताने द्या, रोमन लिपीत, तीन-चार शब्द. पण हे पुढच्या पोस्टसाठी! जुन्या लिंका बदलू नका. कुणाच्या तरी ग्रुपमध्ये, कुणाच्या तरी लेखात त्या गेलेल्या असतात.

माहितीच्या पोस्टचा मजकूर सुधारताना दोनच गोष्टी करा. पहिला परिच्छेद उडवा. 'खूप दिवसांपासून लिहायचं मनात होतं, पण कामाच्या धबडग्यात...' हे वाचायला कोण आलंय? दुसरा परिच्छेद जवळजवळ नेहमीच खरी सुरुवात असते. आणि 'घड्याळाच्या काट्यावर धावणारी मुंबई' दिसली की खोडा. त्याऐवजी 8:12 ची फास्ट कुर्ल्याला किती वेळ थांबते आणि तेवढ्यात किती माणसं उतरतात ते लिहा. वाचक तिथे उभा राहिलेला असतो, त्याला लगेच कळतं की हा माणूस खरंच गाडीत होता.

सुधारलेली पोस्ट लोकलमध्ये वाचा. उभं राहून, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कडी. दादर ते अंधेरी. अंगठा जिथे पोस्ट सोडून वर सरकायला लागतो, तिथे परिच्छेद लांब झालाय.

लेबलं. 'मनातलं', 'सहज', 'असंच काहीतरी', 'इतर'. कुणी क्लिक करतं का यावर? जागांची नावं द्या, माणसं द्या, पदार्थ द्या. आणि प्रत्येक जुन्या पोस्टमधून तुमच्याच दुसऱ्या एखाद्या पोस्टची लिंक द्या. 'माझ्याबद्दल'मध्ये ईमेल द्या, फोन नंबर नको.

हे सगळं सुरू करण्याआधी बॅकअप घ्या हो. ब्लॉगरवर सेटिंगमध्ये आणि वर्डप्रेसवर टूल्समध्ये एक्स्पोर्ट म्हणून तो पर्याय आहे. त्या फाईलमध्ये मजकूर येतो, फोटो येतीलच असं नाही, ते वेगळे उतरवून ठेवा. गूगल रीडर 2013 मध्ये बंद झालं, ऑर्कुट 2014 मध्ये. फुकटची जागा आहे तोवर आपली. म्हणून जमलं तर स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता घ्या. ब्लॉगर ते जोडायचे पैसे घेत नाही, फक्त डोमेनचं वर्षाचं भाडं पडतं.

इथे एक प्रश्न दर वेळी येतो: देवनागरीतलं डॉट भारत डोमेन घेऊ का? 2014 पासून मिळतं, आणि दिसायला सुरेख दिसतं. पण अजून बऱ्याच ठिकाणी ते चिकटवलं की त्याचं विचित्र रोमन रूप दिसतं, आणि फोनवर सांगताना समोरचा विचारतोच, 'स्पेलिंग काय?' हौस असेल तर दोन्ही घ्या, आणि डॉट भारतवरून रोमन पत्त्याकडे वळवून टाका. व्हिजिटिंग कार्डावर मराठी छापा, ब्लॉग चालू दे रोमनवर.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. कुठली जुनी पोस्ट काढलीत ते खाली लिहा, मी वाचतो.