विंध्याचलचे २० टन

पडद्यावर हा पांढराशुभ्र ढग दिसतोय ना, तो धूर नव्हे. कूलिंग टॉवरमधून निघणारी नुसती वाफ आहे. आपल्याला ज्याच्याबद्दल बोलायचंय तो कार्बन डायऑक्साइड शेजारच्या उंच चिमणीतून चाललाय, आणि तो कॅमेऱ्याला दिसत नाही.

हे मध्य प्रदेशातलं सिंगरौली. सरकारी वीज कंपनी एनटीपीसीचं विंध्याचल वीज केंद्र, ४,७६० मेगावॅटचं. इथली वीज महाराष्ट्रात आणि गोव्यातही येते. म्हणजे या चिमणीत थोडा वाटा आपल्या मिक्सरचाही.

२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे जेवढा वायू सोडू तेवढाच काढूनही घेऊ, असं भारतानं २०२१ मध्ये ग्लासगोत जाहीर केलं. पुढच्याच वर्षी इथल्या ५०० मेगावॅटच्या एका संचाला छोटासा प्रकल्प जोडला गेला. चिमणीकडे निघालेला वायू मध्येच वळवायचा, थंड करून एका मनोऱ्यात खालून सोडायचा. वरून अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणाची धार. या वायूत कार्बन डायऑक्साइड जेमतेम १०-१५ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. पण अमाइन नेमकं त्यालाच धरतं. मग द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात वाफेनं तापवलं की पकड सुटते आणि वायू वेगळा होतो. ही वाफ मात्र फुकटची नाही. टर्बाइन फिरवायची तीच इथे खर्ची पडते.

रोज पकडायचा किती? २० टन. हा एकच संच पूर्ण क्षमतेनं चालला, तर दिवसाला ११-१२ हजार टन सोडतो!

पकडलेल्या वायूचं हायड्रोजनशी जुळवून मिथेनॉल करायचं, म्हणजे इंधन म्हणून जाळता येणारं द्रव. २०२४ मध्ये तेही जमलं. खरी गोम पुढेच आहे. १० टन मिथेनॉलला जवळपास २ टन हायड्रोजन लागतो, आणि तो पाण्यातून काढायला साधारण १ लाख युनिट वीज. त्या मिथेनॉलमध्ये कार्बन डायऑक्साइड बांधला जातो १४ टनांच्या आसपास. ही वीज कोळशाचीच घेतली, तर तेवढ्यासाठी ९० टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! सूर्याची नाहीतर वाऱ्याची वीज असेल तरच हिशेब बसतो.

आपल्या कोराडीत ६६० मेगावॅटचे सुपरक्रिटिकल संच आहेत. दाब इतका, की पाणी उकळतच नाही, सरळ वाफ होतं. तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. याच्या बातम्या होत नाहीत, पण जो कोळसा जळलाच नाही त्याचा वायू पकडायला मनोराही लागत नाही.

आता ही वाटी बघा. वाटीत मिथेनॉल आहे आणि ते पेटलंय. ज्योत निळसर, उन्हात दिसतच नाही. पकडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा हवेत चाललाय.