सगळ्यात चांगला शिक्षक पहिलीला द्या

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात, रावपुऱ्यात पाणी साचलेलं असताना हॉल भरलाय, म्हणजे विषय तुमच्याही जिव्हाळ्याचा आहे असं मी धरून चालते. पत्रिकेवर विषय फार मोठा छापलाय, "राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेची पुनर्रचना, प्राथमिकपासून वरपर्यंत". वरपर्यंत आपण जाऊ, पण मला आधी खालचं बोलायचंय, कारण मी जन्मभर पीटीसीच्या, म्हणजे प्राथमिक शिक्षिका व्हायचं ट्रेनिंग घेणाऱ्या मुलींना शिकवलं आणि त्यांचे पाठ बघायला बडोद्यातल्या आणि आसपासच्या शाळांमधून फिरले, आणि त्यातून माझं एक मत इतकं पक्कं झालंय की ते आज सांगितल्याशिवाय मला घरी जाववणार नाही. आपल्याकडे सगळ्यात चांगला शिक्षक दहावीला देतात आणि जो उरतो तो पहिलीला. हे उलटं व्हायला पाहिजे. सरकारी नियमाने व्हायला पाहिजे, मुख्याध्यापकांच्या मर्जीने नाही.

जूनमध्ये वर्गवाटप कसं होतं ते शिक्षक मंडळी इथे बसलीत त्यांना विचारा. नवीन लागली? पहिली घे. आजारी असते, रजा फार होतात? पहिली. साहेबांशी उलट बोलली? पहिली, आणि तीसुद्धा साठ पोरांची, नियम तिसाला एकाचा असला तरी. आणि एखादी बाई दोन-तीन वर्षं पहिलीला राहून सुंदर शिकवायला लागली, पोरं वाचायला लागली, की तिचं कौतुक म्हणून तिला काय देतात? सहावी! म्हणजे चांगलं शिकवलंस, आता पहिलीतून सुटलीस. माझ्या एका विद्यार्थिनीला असं "बढती" देऊन वर पाठवलं तेव्हा ती माझ्याकडे येऊन रडली होती. तिला पहिलीच पाहिजे होती. चिंचोके, बांगड्यांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, सगळं तिने पिशव्यांमध्ये जमवून ठेवलं होतं, दशक म्हणजे दहाचा गठ्ठा हे पोरांच्या हातात यावं म्हणून, कारण पोरं एकशे पाच लिहा म्हटलं की १००५ लिहितात, आधी शंभर लिहितात आणि त्याला पाच जोडतात, आणि ते का लिहितात हे समजणारी बाई शाळेत एखादीच असते. तिच्या जागी जे आले त्यांनी त्या पिशव्या कपाटावर टाकल्या.

आता एका मुलाची गोष्ट सांगते. जरा लांबेल, पण मला ती नीट सांगू द्या.

एका शाळेत, नाव नको, पाचवीच्या वर्गावर माझ्या विद्यार्थिनीचा पाठ होता. गुजरातीचा तास. पहिल्या बाकावरचा एक छोकरा उठला आणि त्याने धडा असा वाचला की काय सांगू, आवाजात चढउतार, योग्य जागी थांबणं, संवाद आला की आवाज बदलणं. माझी विद्यार्थिनी खूश, मीही वहीत चांगला शेरा लिहिला. सुट्टी झाली तेव्हा सहज त्याच्या शेजारी बसले आणि पुस्तकात मधल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हटलं, इथून वाच रे. त्याने माझ्या बोटाकडे बघितलं. मग त्याची नजर वर गेली, पानाच्या पहिल्या ओळीवर, आणि तिथून त्याने पुटपुटत, भराभर, श्वास न घेता म्हणायला सुरुवात केली आणि माझ्या बोटाजवळ पोचल्यावर आवाज मोठा केला. मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. परत वर जाऊन पळत आला. मग मी अजून न शिकवलेला धडा उघडला आणि चित्रावर हात ठेवला. तो गप्प. खूप वेळ गप्प, आणि मग हळूच म्हणाला, "बेन, मने आवडे छे." मला येतं.

त्याला एक अक्षर येत नव्हतं मंडळी. अख्खं पुस्तक त्याने ऐकून पाठ केलं होतं, कुठल्या चित्राखाली कुठली गोष्ट, पान कधी उलटायचं, सगळं. केवढी बुद्धी लागते त्याला! हा मुलगा ढ नव्हता, वर्गातला सगळ्यात हुशार असावा, आणि ती सगळी हुशारी त्याने आपल्याला वाचता येत नाही हे लपवण्यात घातली होती. त्याच्या आईला मी भेटले. चार घरची कामं करणारी बाई, मला म्हणाली, रोज संध्याकाळी वाचतो ना, मी भाकरी करता करता ऐकते. मी तिला काय सांगणार होते?

मग मी शाळेत चौकशी केली, हा पहिलीत असताना काय झालं होतं. बाई बाळंतपणाच्या रजेवर. त्यांच्या जागी दिल्या त्यांना मतदार यादीच्या कामाला बोलावलं. त्यांची पोरं शेजारच्या पहिलीत बसवली. दुसरीत नवीन बाईंना वाटलं पहिलीत अक्षरं झाली असतील, तिसरीत वाटलं दुसरीत झाली असतील, आणि पोरगा तोपर्यंत पाठांतरात इतका तयार झाला होता की कुणाला शंकाही आली नाही.

आता कुणी म्हणेल की शिक्षकांना बाकीची कामं देणं बेकायदा आहे. नाही हो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच २७ वं कलम आहे, इतर कामं द्यायची नाहीत पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. आणि निवडणुकीच्या कामात मतदार याद्या येतात, त्या काय बारमाही. माझी तक्रार पुढची आहे. दर वेळी पहिलीच्याच बाई का जातात? कारण दहावीच्या सरांना हलवलं तर बोर्डाचा निकाल बिघडेल, पालक भांडायला येतील. पहिलीच्या पालकांना कळतच नाही काय गेलं ते. ते कळतं पाचवीत. आणि आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवीत आणि आठवीत नापास करायची परत मुभा आहे, म्हणजे शाळेने पहिलीत खाल्लेली माती मुलाने पाचवीत भरून द्यायची.

हे एका मुलाचं नाही. 'असर' या शाळकरी मुलांच्या पाहणीचे ग्रामीण भारताचे आकडे बघा, तिसरीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येतो का एवढंच विचारतात. कोरोनानंतर २०२२ मध्ये २०.५ टक्के, २०२४ मध्ये सुधारून २७.१. सुधारणा झाली हे खरं, पण दहातली सात मुलं अजून बाहेर आहेत. या मुलांसाठी तुम्ही सहावीला कोडिंग आणा, अकरावीला वाट्टेल ते विषय द्या, त्यांना काय उपयोग?

आता बडोद्यात उभी राहून मी सयाजीराव महाराजांचं नाव घेतलं नाही तर तुम्ही मला जेवायला वाढणार नाही. पण मला नुसता जयजयकार करायचा नाहीये. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक म्हणून इथे आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि जवळजवळ निरक्षर होता. बाराव्या वर्षी मुळाक्षरं! आणि मग त्याला शिकवायला निवडून निवडून माणसं आणली, इलियट साहेबांसारखे. म्हणजे अक्षरओळख करून द्यायला राज्यातली सगळ्यात चांगली माणसं लावली होती आणि काय निघालं ते आपल्यासमोर आहे. त्याच माणसाने पुढे १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आधी थोड्या गावांत करून बघितलं, अडचणी बघितल्या, आणि तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, सगळ्या राज्याला लावलं. पोरगं शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड. गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं, आणि १९१२ मध्ये ते बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बाकीच्या देशाला हा हक्क मिळायला २०१० उजाडलं.

आणि महाराज तिथे थांबले नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांना दिसलं की पोरं चौथीपर्यंत शिकतात, घरी जातात आणि वाचायला काही नसल्यामुळे विसरतात. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन साहेब या ग्रंथपालांना आणून गावोगाव लायब्ऱ्या काढल्या, पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत ज्यांनी काचेच्या फरशीवरून चालत पुस्तकं शोधलीत त्यांनी हात वर करा... बघा, पांढऱ्या केसांचेच हात वर आहेत. नातवंडांना घेऊन जा हो.

दुसरं उदाहरण, तेही गुजरात-महाराष्ट्र दोघांचं. गिजुभाई बधेका वकील होते, चांगली चालणारी वकिली सोडून भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढून बसले. ताराबाई मोडक राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपल होत्या. प्रिन्सिपल! ती खुर्ची सोडून त्या अडीच-तीन वर्षांच्या पोरांमध्ये आल्या, आणि पुढे बोर्डीला, कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या, अनुताई वाघांना बरोबर घेऊन. आज कुठली प्रिन्सिपलबाई बालवाडीत जाईल? गेली तर घरचे विचारतील, काय गं, काढून टाकलं का तुला.

आणि तिसरं तर आपल्या गावातलंच, आणि आपल्यालाच माहीत नाही. २००१ नंतरची दोन-तीन वर्षं बडोद्याच्या म्युनिसिपालिटीच्या शाळांमध्ये 'प्रथम' संस्थेचा बालसखीचा प्रयोग चालला होता. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घ्यायची, वस्तीतलीच एक दहावी-बारावी झालेली मुलगी, तिला दोन आठवड्यांचं ट्रेनिंग, पगार महिना पाचशे ते साडेसातशे रुपये, आणि तिने फक्त जे पहिली-दुसरीत यायला हवं होतं ते शिकवायचं. त्याचा अभ्यास केला अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुंबईतही आणि इथेही. सगळ्यात मागची मुलं सगळ्यात जास्त पुढे आली. २०१९ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं. (बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, त्यामुळे आपलं त्यातही थोडं नातं लागतं.) पण याचा अर्थ लोक भलताच काढतात, की बघा, पाचशे रुपयांत काम होतं मग पक्के शिक्षक कशाला, अकरा महिन्यांच्या करारावरचे पुरतात. अहो, त्या मुलीने जे केलं ते हे की मूल जिथे आहे तिथून सुरुवात केली. पक्क्या शिक्षकाला तेवढी मोकळीक आम्ही दिलीच नाही कधी, त्याला सिलॅबस पुरा करायचा असतो, ऑगस्टमध्ये अमुक धडा झाला पाहिजे, पोरांना कळो न कळो. मोकळीक द्या आणि मग बघा पक्का शिक्षक काय करतो ते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. बरं, मग पुनर्रचना दहा मिनिटांत.

पहिलं पगाराचं. पहिली ते तिसरीच्या शिक्षकाला हायस्कूलच्या शिक्षकाइतकाच पगार आणि तिथेच राहून बढती. आज वर चढायचं तर मोठी मुलं शिकवावी लागतात, हे बदललं की हुशार मुली आपोआप खाली राहतील. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की प्राथमिकला बीएड चालणार नाही, लहान मुलांना शिकवायचं वेगळं ट्रेनिंग लागतं. फार लोक चिडले, मला मात्र तो निकाल मनापासून पटला, लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे हे कुणीतरी एकदा ठणकावून सांगायला हवंच होतं. पण मग प्राथमिक शिक्षक तयार करणारी ती डिप्लोमाची कॉलेजं सुधारा, तिथे वर्षभर खऱ्या वर्गात शिकवायला लावा, आम्ही थोडेसे पाठ बघून पास करत होतो ते पुरत नाही.

दुसरं, पहिली-दुसरीच्या शिक्षकाला वर्षाच्या मध्ये हलवायचं नाही, बदली नाही, यादी नाही, काही नाही. निवडणुकीला माणसं लागतात, मान्य, इतकी शिकलेली बेकार मुलं आहेत त्यांना पैसे देऊन घ्या. आणि तीच बाई पहिलीतून दुसरीत मुलांबरोबर जाऊ दे, म्हणजे कुणाचं काय राहिलंय ते तिला माहीत असेल.

तिसरं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, बालवाटिका आणि पहिली-दुसरी एकत्र, ते उत्तम आहे. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' योजनेत तिसरीअखेर वाचन आणि अंकगणित आलंच पाहिजे, २०२६-२७ पर्यंत, हे उद्दिष्टही बरोबर आहे. फक्त ते ॲपमध्ये भरायचे आकडे होऊ देऊ नका. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून, न शिकवलेला उतारा, मधल्या ओळीवर बोट ठेवून वाचून घ्या. दोन मिनिटं लागतात. आलं नाही तर नापास नाही करायचं, रोज दोन तास वेगळं शिकवायचं, सहावीत असला तरी. आणि हे घरच्या भाषेत. आपल्या गावात मराठी घरातलं, गुजराती शाळेतलं, आणि हल्ली आईबापांच्या हौसेने इंग्रजी माध्यमातलं मूल असतं, तीन भाषा त्याला येतीलच हो, पण पहिलं वाचन बोलीत होऊ दे.

आता वरचं. पाचवी ते आठवीत मुलं कमी पाठ करतील आणि जास्त वाचतील, कारण वाचता येत असेल. आठवीनंतर हाताची कामं, सुतारी, वायरिंग, शेती, ही सगळ्यांना, फक्त नापासांना नाही. दहावीचं बोर्ड वर्षातून दोनदा द्यायची सोय असावी आणि उत्तरं घोकून येण्यासारखे प्रश्न कमी करावेत. कॉलेजचं तर... वेळ नाही, एकच सांगते, कॉलेजातले प्राध्यापक म्हणतात मुलांना परिच्छेद लिहिता येत नाही, त्यांनी वर्षातले चार दिवस येऊन दुसरीत बसावं.

आणि पैसा. कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे, आणि तो आकडा नंतरच्या प्रत्येक धोरणात आहे, २०२० च्याही, आणि आपण अजून तिथे पोचलेलो नाही. मिळतील ते पैसे आधी पहिलीला द्या. इमारतीला, पुतळ्याला, स्मार्ट बोर्डाला नंतर.

शेवटचं, आणि हे इथल्या प्रत्येकासाठी. शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे, त्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, त्यांची मुलं त्या शाळांत आहेत. त्यांना सांगा की जूनच्या मीटिंगला जाऊन एकच प्रश्न विचारायचा, पहिलीला कोण आहे? आणि नाव आलं की पुढचं विचारायचं, दिवाळीनंतर पण त्याच असणार ना? सोबत कुणी हवं असेल तर मला फोन करा, मी येते. रिकामीच आहे आता.

हं, प्रश्न घेऊ या. मागे त्या निळ्या साडीतल्या ताई कधीपासून हात वर करून बसल्यात, आधी त्या.