खिळे ठोकणारा शिपाई कोण करणार?

श्रोतेहो, नमस्कार.

सन ९७० च्या सुमाराची गोष्ट. इंग्लंडमधल्या विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी मठवासी साधूंसाठी उपासनेचे नियम लिहून काढले. ईस्टरच्या पहाटेसाठी त्यात एक सूचना आहे. तिसरा पाठ चालू असताना एका साधूने पांढरा झगा घालून, जणू दुसऱ्याच कामाला आलोय अशा बेताने आत यावं. कोणाचं लक्ष जाणार नाही असं कबरीच्या जागेपाशी जाऊन, हातात ताडाची डहाळी धरून गुपचूप बसावं. मग तिघांनी धुपाटणी घेऊन, काहीतरी शोधत असल्यासारखं हलकी पावलं टाकत यावं. ते जवळ आले की बसलेल्याने मध्यम पट्टीत, गोड आवाजात गावं, ‘कोणाला शोधता?’ ते तिघे म्हणजे येशूच्या कबरीवर आलेल्या स्त्रिया आणि बसलेला तो देवदूत.

तालमीत एक दिवस जरी काढला असेल तरी हे काय आहे ते लगेच कळेल. प्रवेश कसा घ्यायचा, हातात काय धरायचं, चाल कशी, पट्टी कोणती. या रंगसूचना आहेत, आणि त्या एका बिशपच्या हातच्या आहेत.

आज मला बोलायचंय ते ख्रिस्ती महाविद्यालयात नाटक शिकायला निघालेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी. धर्माच्या संस्थेत नाटक कसं शिकवणार, तिथे हात बांधलेले असणार, अशी शंका दोन्हीकडून येते. नाटकवाल्यांना वाटतं की तिथे फक्त नाताळची दृश्यं बसवतात. चर्चमधल्या मोठ्यांना वाटतं की रंगमंचावर गेलेलं मूल हातचं गेलं.

ही दुसरी भीती फार जुनी आहे. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सन २०० च्या सुमारास लिहून गेला की बाप्तिस्मा घेताना माणूस सैतानाच्या थाटामाटाचा त्याग करतो, त्यात नाटकगृहही आलं. त्याचा आणखी एक आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. खोटा आवाज, खोटं वय, खोटे अश्रू हे सत्याच्या कर्त्याला कसे आवडतील, असं तो विचारतो. हा प्रश्न हसून उडवण्यासारखा नाही. जी व्यक्ती मी नाही तिचे अश्रू मी ढाळतो, तेव्हा नेमकं काय करत असतो? अभिनयाच्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न यायला हवा. ख्रिस्ती महाविद्यालयात तो टाळताच येत नाही, आणि तिथल्या शिक्षणाचं खरं बळ मला त्यातच दिसतं.

उत्तर मात्र मला टर्टुलियनकडे मिळालं नाही. ते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या कारागिरांकडे मिळालं. मध्ययुगात तिथे सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची कथा गाड्यांवरून, रस्तोरस्ती दाखवत. एकेक प्रवेश एकेका व्यवसायाच्या संघाकडे असे. नोहाचं तारू बांधायचा प्रवेश जहाज बांधणाऱ्यांकडे. आणि येशूला क्रुसावर खिळण्याचा प्रवेश कोणाकडे? खिळे आणि टाचण्या बनवणाऱ्यांकडे.

तो प्रवेश जरूर वाचा. चार शिपाई आहेत. लाकडाला पाडलेली भोकं चुकलीत, हात तिथवर पोचत नाही, म्हणून ते दोरी बांधून ओढतात. एकमेकांवर करवादतात, ओझं जड आहे, पाठ भरून आली म्हणून कुरकुरतात. येशू जवळजवळ गप्पच असतो, फक्त दोनदा बोलतो. शिपायांमध्ये राक्षस कोणीच नाही. हाती घेतलेलं काम धड होत नाही म्हणून वैतागलेली ती माणसं आहेत. म्हणून तर ते बघताना अंगावर काटा येतो.

वर्गात हा प्रवेश घेतला की शिपाई करणारी मुलं आधी दात-ओठ खातात, डोळे वटारतात. आपण वाईट माणूस दाखवतोय आणि आपल्याला तो पसंत नाही, हे त्यांना प्रेक्षकांपर्यंत पोचवायचं असतं. मी त्यांच्या हातात खरी दोरी आणि खरा ओंडका देतो, म्हणतो, आता हे उचला. पाच मिनिटांत चेहऱ्यावरचा खलनायक गळून पडतो, उरतो घाम आणि कामाची घाई. एकदा तालीम संपल्यावर त्यातला एकजण बराच वेळ विंगेत बसून राहिला. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, ‘सर, मधे थोडा वेळ मी त्याला विसरूनच गेलो होतो.’ त्याला, म्हणजे क्रुसावरच्या माणसाला. मी काहीच बोललो नाही. अभिनयाचा आणि पापाचा, दोन्ही धडे त्याला एकाच तासाला मिळाले होते.

म्हणूनच ‘ख्रिस्ती मुलाने पाप्याची भूमिका करावी का?’ असं कोणी विचारलं की मी म्हणतो, शिपाई कोणीच केला नाही तर क्रुसाची गोष्ट सांगणार कशी?

पण हे मानणारी संस्था आणि न मानणारी संस्था यांत फरक असतो, आणि तो आधीच कळायला हवा. अमेरिकेत टेक्सासमधलं बेलर विद्यापीठ बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतलं. पॉल बेकर यांनी तिथला नाट्यविभाग नावारूपाला आणला. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांनी अमेरिकी नाटककार यूजीन ओनीलचं ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ रंगमंचावर आणलं. दारू आणि मॉर्फिनने पोखरलेल्या एका कुटुंबाचं ते नाटक. त्यातल्या भाषेबद्दल तक्रारी आल्या आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी प्रयोग बंद केले. संहितेत काटछाट करायला परवानगी नव्हती. १९६३ मध्ये बेकर आणि त्यांच्या विभागातल्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि ते सॅन अँटोनियोच्या ट्रिनिटी विद्यापीठात गेले. ही संस्थाही ख्रिस्ती लोकांनीच, प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या पंथाच्या, स्थापलेली. म्हणजे एका ख्रिस्ती संस्थेचं दार बंद झालं, तरी दुसरीचं उघडं होतं.

मला त्यात सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते विद्यार्थ्यांचं. नाटक आवडलं नाही तर निवडतानाच नको म्हणावं. महिनोन्‌महिने तालीम केलेल्या मुलांसमोर पडदा पाडणं मला क्रूर वाटतं. आणि ‘तेवढ्या शिव्या गाळून करा’ हा मार्गही सहसा नसतोच, कारण प्रयोगाच्या हक्कांचा करार बहुधा लेखकाचे शब्द विनापरवानगी बदलू देत नाही.

तेव्हा प्रवेश अर्ज भरण्याआधी विभागात जा आणि तोंडावर विचारा. नाटक कोण निवडतं? तालीम सुरू झाल्यावर ते थांबवायचा अधिकार कोणाला आहे? गेल्या पाच वर्षांत झालेल्या नाटकांची यादी मागा. माहितीपत्रकातल्या सुंदर वाक्यांपेक्षा ती यादी खरं बोलते. तिथे विद्यार्थ्यांकडून वर्तनाच्या नियमांवर सही घेत असतील, तर ते नियम रंगमंचावरच्या पात्रालाही लागू आहेत का, हे विचारा. एखादा संवाद मनाला पटला नाही तर नाही म्हणता येतं का, आणि त्याचे गुण कापले जातात का, हेही विचारा. दोन्ही बाजूंनी मोकळेपणा हवा. मुलाला शिपाई करू द्यायची तयारी हवी, आणि एखाद्याचं मन तयार नसेल तर त्याला थांबू द्यायचीही.

एक गोष्ट पालकांसाठी. अशा महाविद्यालयांतले नाट्यविभाग बरेचदा लहान असतात. मूल नायक झालं तरी पुढच्या नाटकात त्याला दिवे टांगावे लागतील, नेपथ्याला रंग द्यावा लागेल, प्रयोगानंतर झाडू मारावा लागेल. त्याबद्दल तक्रार करू नका. चार वर्षांनी त्याला नाटक आतून-बाहेरून उभं करता येईल.

आणि मुलांनो, निवडचाचणीला जाताना स्वगत निवडायचं असेल, तर आपल्याला शोभेल असं संताचं स्वगत घेऊ नका. ज्याला क्षमा करणं तुम्हाला जड जातं, त्याचं घ्या. ते मोठ्याने वाचा, रोज वाचा, तो तुमच्या आवाजात बोलू लागेपर्यंत.

नमस्कार.