चालणारं भूत आणि झिजलेल्या वहाणा

(दृश्य: आरवलीचं देऊळ. ओळीनं मांडलेल्या चामडी वहाणा. कॅमेरा जमिनीलगत.)

या वहाणा कुणा माणसाच्या मापाच्या नाहीत. वेंगुर्ला तालुक्यातलं हे आरवली गाव आणि इथला देव वेतोबा. रात्री गाव निजलं की तो राखणीला बाहेर पडतो, अशी इथली श्रद्धा. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडायला लोक नवी जोडी घेऊन येतात. सोबत केळ्यांचे घड.

ही टाच बघा. चामड्याच्या कडा, वरची शिवण, अंगठ्याची जागा. बनवणाऱ्यानं कुठे हात आखडता घेतलेला नाही. ज्याला ती घालून रात्रभर चालायचं आहे, त्याच्यासाठी ती केलेली आहे.

(दृश्य: पत्र्याची ट्रंक उघडते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुना अंक बाहेर येतो.)

आणि हा दुसरा चालणारा. अंगासरशी बसलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कमरपट्ट्यावर कवटी. अमेरिकेत हा फँटम. आपल्याकडे वेताळ.

ली फॉक यांची ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू झाली. कथा मात्र चारशे वर्षं मागे जाते. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून एकटा वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो. बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो, की चाचेगिरी आणि अन्याय यांच्याशी मी लढेन आणि माझ्यामागे माझी मुलंबाळं लढतील. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस आहे आणि त्याला मरण नाही.

आता गंमत बघा. या नायकाला जगापुढे मिरवावं असं स्वतःचं नाव जवळजवळ नाहीच. चालतं भूत, न मरणारा माणूस, पूर्वेच्या काळोखाचा रक्षक ही सगळी त्याला लोकांनी दिलेली नावं. शहरात जाताना तो ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालतो आणि मिस्टर वॉकर होतो. वॉकर म्हणजे चालणारा. मूळ इंग्रजी चित्रपट्टीत या नावावर एक फुली असते आणि चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरात तिचा खुलासा येतो, की चालत्या भुतावरून हे नाव पडलं. नाव कुठून आलं हे वाचकाला कळलंच पाहिजे, असा तो हट्ट. मला ती फुली फार आवडते.

(दृश्य: चार मुखपृष्ठं एकामागून एक.)

मग हा नायक देशोदेशी गेला आणि प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी आपल्या नजरेला जे दिसलं त्यावरून त्याला हाक मारली. फिनलंडमध्ये तो मुस्तानामियो, म्हणजे काळा मुखवटा. इटलीत लुओमो मास्केरातो, मुखवटेवाला माणूस. तुर्कस्तानात त्याचा पोशाख लाल छापला जायचा, म्हणून तिथे तो किझिलमास्के, लाल मुखवटा. बंगालीत तो अरण्यदेव. या एका शब्दात सगळं जंगल आलं.

आणि मराठीत वेताळ.

(दृश्य: अंकाचं पान. बोटानं एक चौकट दाखवली जाते.)

टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढली. मुंबईत छापलेला हा अंक मराठीतही निघायचा. त्यात मॅन्ड्रेक हा जादू करणारा नायकही आला, पण तो मॅन्ड्रेकच राहिला, फार तर मागे जादूगार लागला. फँटमचं बारसं मात्र नव्यानं झालं.

त्या अंकांत आणखीही नावं बदलली. मूळ कथेतला देश बंगाला, आणि चाच्यांची टोळी सिंग. भारतातल्या वाचकाला हे दोन्ही टोचलं असतं, म्हणून देशाचं डेंकाली झालं आणि टोळीचं सिंगा. डेंकाली जगाच्या कुठल्याच नकाशावर नाही, पण इंद्रजाल वाचत मोठ्या झालेल्या माणसाला विचारा, तो तिथली कवटीची गुहा डोळ्यांपुढे उभी करून देईल.

फँटम हे खरं नाव आणि वेताळ हे नुसतं भाषांतर, असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. मला ते पटत नाही. भाषांतरच करायचं तर भूत होतं, पिशाच्च होतं, छाया होती. वेताळ या शब्दाला आपल्याकडे पत्ता आहे. आरवलीचा वेतोबा तोच. पुण्यात त्याची टेकडी आहे. गोव्यात गावोगाव तो बेताळ म्हणून पुजला जातो. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे मशाली आणि मागे भुतावळ, हे ऐकत आपण अंथरुणात पाय पोटाशी घेतले आहेत. विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणाराही तोच. वेताळाला भ्यायचं असतं आणि वेशीवर तो आहे म्हणून निर्धास्त झोपायचंही असतं. जंगलातल्या त्या मुखवटेवाल्याबद्दल त्याच्या लोकांना नेमकं हेच वाटतं.

(दृश्य: अंकाचं शेवटचं पान, समासात बॉलपेननं काढलेली छोटी कवटी.)

हे कुणा मुलानं काढलंय. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी. त्याचा ठोसा बसला की गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटी उमटते ती कायमची. डाव्या हातातली अंगठी मित्रांसाठी. तिची खूण ज्याच्याजवळ आहे, त्याच्या केसाला धक्का लावायची कुणाची छाती होत नाही. शाळेत मनगटावर पेनानं ही कवटी काढून घेणारी मुलं पुष्कळ होती. त्यांच्या तोंडी फँटम नव्हता. 'आज वेताळ मी' असं म्हणून खेळ सुरू व्हायचा, आणि ज्याच्यावर राज्य येई तो सिंगा.

१९९० मध्ये, ८०३ अंकांनंतर, इंद्रजाल बंद पडली. गठ्ठे रद्दीत गेले.

(दृश्य: ट्रंक. अंक पुन्हा पिशवीत, पिशवी वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र ट्रंकेत.)

या ट्रंकेतले हे अंक मराठी आहेत. मुखपृष्ठ उजेडात धरू. रंग अजून टिकलेत. कण्यावरच्या पिना गंजल्या आहेत आणि गंज मधल्या पानावर उतरला आहे. वर ठळक अक्षरात वेताळ.

(दृश्य: आरवली, संध्याकाळ. एक कुटुंब नवी जोडी घेऊन पायऱ्या चढतं. वहाणा कागदात गुंडाळलेल्या. लहान मुलगी दोन्ही हातांनी एक वहाण छातीशी धरून चालते आहे. ती तिच्या हनुवटीपर्यंत पोचते.)

जुन्या जोडीशेजारी आता नवी ठेवली जाईल.

(इथून पुढे निवेदन नाही. घंटेचा आवाज आणि पावलं.)