समोरचा चेहरा

नमस्कार श्रोतेहो. गेली बरीच वर्षं मी व्यक्तिचित्रं काढते आहे. समोर माणूस येऊन बसतो, तेव्हा त्याच्याबद्दलचं मत मी आधीच बनवलेलं असतं. हात चालू लागला की चेहऱ्याआधी ते मतच कागदावर उतरतं. याच्याशी माझं रोजचं भांडण आहे.

आत्ता ऐकता ऐकता एक करून बघा. डोळे मिटा आणि सांगा, हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या उंचीत माणसाचे डोळे नेमके कुठे असतात? नवशिके हमखास ते फार वर काढतात. मोठ्या माणसाचे डोळे साधारण मध्यावर असतात. कपाळ आणि त्यावरचं डोकं आपण हिशेबातच धरत नाही, कारण सगळं लक्ष डोळे-नाक-ओठांत गुंतलेलं. आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात पाहणाऱ्याची नजर कशी फिरते, याच्या नोंदी केल्या. चेहरा दिसला की ती वारंवार डोळ्यांवर आणि ओठांवर परतत होती. २००६ मध्ये विलिस आणि तोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला, तरी हा माणूस भरवशाचा आहे की नाही हे लोक ठरवून मोकळे होत. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नसे, फक्त त्यावरची खात्री वाढे. हे वाचून माझ्या छातीत धस्स झालं होतं.

कारण माझ्याकडून अगदी हेच घडलं होतं. एक वयस्कर गृहस्थ चित्रासाठी बसत. मान एका बाजूला कललेली, हनुवटी जरा वर. मला वाटलं, ताठा आहे. पहिल्या बैठकीत कोळशानं रेखाटन केलं. भुवई चढलेली, ओठ घट्ट. साम्य छान जमलं होतं. तिसऱ्या बैठकीला मी सहज त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि काही विचारलं, तर त्यांनी मान उलट वळवली. म्हणाले, "या कानानं ऐकू येत नाही हो मला." इतके दिवस ते माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून धडपडत होते, आणि मी ताठा रंगवत होते.

पिकासोनं गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा तिच्या सांगण्याप्रमाणे ८०-९० बैठका झाल्या. शेवटी त्यानं चेहराच पुसून टाकला, स्पेनला गेला, आणि १९०६ मध्ये परतल्यावर ती समोर नसताना तो पुन्हा रंगवला. मला मात्र माणूस समोर लागतोच.

मी नवा कॅनव्हास घेतला. मानेचा कल तोच ठेवला, हनुवटीही तिथेच. बदललं ते थोडंसंच: भुवईचं आतलं टोक किंचित उचललं, खालच्या ओठावरची गडद रेघ काढून टाकली, नजर ऐकणाऱ्या माणसासारखी बोलणाऱ्याच्या ओठांवर आणली.

चित्र न्यायला घरचे आले. पत्नी कॅनव्हाससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे असेच बघतात, मी स्वयंपाकघरातून हाक मारली की." मुलीनं मात्र कोपऱ्यातलं कोळशाचं रेखाटन उचललं. "बाबा हेच," ती म्हणाली. "माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना."

ते दोन्ही घेऊन गेले.