ग्रासकटरच्या टाकीतलं जुनं पेट्रोल

(दृश्य : उन्हाकडे धरलेली काचेची बरणी)

बरणीत दोन थर दिसतायत. वरचा हिरवट, खालचा जवळजवळ बिनरंगी. जूनमध्ये पंपावरून आणलेलं, ग्रासकटरसाठी टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण) मिसळलेलं हे पेट्रोल पावसाळाभर बागेतल्या मांगरात डब्यात पडून होतं. खालच्या थराला सगळे ‘पाणी’ म्हणतात, पण ते नुसतं पाणी नव्हे. पंपावरच्या ई-२० पेट्रोलचा पाचवा हिस्सा इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, असतं. अर्ध्या लिटरात १०० मिली. इथेनॉल पाणी ओढतं. डबा अर्धा रिकामा, आत कोकणातली दमट हवा, झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी. काही प्रमाणापर्यंत हे पाणी इथेनॉल सामावून घेतं. त्यापुढे गेलं की इथेनॉलच पेट्रोलपासून सुटून पाण्यासकट तळाला बसतं. म्हणून तो थर बोटभर जाड दिसतो.

(दृश्य : टाकीतून तारेच्या आकड्याने बाहेर काढलेला फिल्टर)

नळीच्या टोकाचा हा फिल्टर मुद्दाम जड केलेला असतो. मशीन कसंही तिरकं धरलं तरी तो तळाशीच राहावा म्हणून. म्हणजे इंजिन पहिल्यांदा ओढतं तो तळाचाच थर. आणि टूटी ऑइल? ते पेट्रोलबरोबर वर राहिलेलं. बहुतेक वेळा मशीन सुरूच होत नाही, दोरी ओढून खांदा दुखतो इतकंच. पण चुकून सुरू झालं, तर ते तेलाशिवाय फिरतं. पिस्टनवरचे हे उभे ओरखडे बघा.

थर सुटले नसले तरी पेट्रोल जुनं होतंच. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट राळेसारखा लेप होतो. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते आधी बुजतं. मग आतला पडदा कडक होतो, प्रायमरची फुगी (सुरू करण्याआधी दाबतो ती) चिरते. पेट्रोल ताजं आहे की नाही हे वासावर कळतं. जुन्याला आंबूस, वार्निशसारखा वास येतो आणि रंग कोऱ्या चहाकडे झुकतो.

(दृश्य : अंगणात, उघड्यावर टाकी रिकामी करताना)

इंजिन बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या. प्लगची टोपी काढा. टाकीचं झाकण हळूहळू सैल करा, आत दाब असतो. हे काम पडवीत नको, मांगरातही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते. बारीक जाळीचं नरसाळं लावून पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये ओता. कॅन गच्च भरू नका, वर दहावा हिस्सा मोकळा ठेवा. थर सुटलेले नसतील, तर मग झाकण लावून, प्लगची टोपी परत बसवून मशीन चालू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत फिरू द्या. कार्बोरेटरमधलं उरलेलं असंच संपतं.

पत्र्याचाच कॅन का? १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात. धातूचं भांडं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत. थंड पेयाची रिकामी बाटली या यादीत कुठेच नाही, आणि घरोघरी नेमकी तीच सापडते.

(दृश्य : तीन कॅन ओळीने)

पहिल्या कॅनमधलं स्वच्छ आहे, एक-दोन महिन्यांचं, ऑइल न मिसळलेलं. फोरस्ट्रोक मशीनचं असेल तर असंच असतं. हे मोटारसायकलच्या टाकीत जाऊ शकतं, दहा लिटर ताज्या पेट्रोलमध्ये अर्धा लिटर, त्याहून जास्त नाही. दुसऱ्यात ऑइल मिसळलेलं आहे. ते गाडीत घालू नका. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) गाडीचा इंजेक्टर आणि धुराड्यातला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, दोन्हींना ते मानवत नाही. एक थर असेल, वास ठीक असेल, तर चार भाग ताज्या मिश्रणात एक भाग हे, गाळून, त्याच ग्रासकटरमध्ये संपवा.

तिसऱ्यात दोन थर आहेत. हे दुरुस्त होत नाही. फडक्याने गाळलं तर कचरा निघेल, इथेनॉल आणि पाणी तसंच जाईल. वरचा थर अलगद ओतून घेतला तरी इथेनॉलबरोबर त्याचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न देता जळण्याचा गुण) उतरलेला असतो.

‘राहू दे, भाजावळीला (शेतात पालापाचोळा जाळायला) होईल’ म्हणणारे पुष्कळ. पाल्यावर ओतलेलं पेट्रोल काडी लावेपर्यंत थांबत नाही, त्याची वाफ चारी बाजूंना पसरलेली असते आणि भडका ओतणाऱ्याच्या पायाशी होतो. गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपातही ते टाकू नका. त्या ऑइलवर पुढे प्रक्रिया करणारे ते सहजासहजी न पेटणारं समजून हाताळतात.

(दृश्य : विहीर. चिऱ्याची कड.)

जमिनीत ओतून देणंही नको. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन हे कर्करोगाला कारण ठरणारं रसायन असतं. जांभ्या दगडाच्या जमिनीवर ओतलेल्या एका लिटरातलं तेवढं बेंझिन पाण्यात उतरलं, तर आठ लाख लिटरहून अधिक पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतं.

(दृश्य : ग्रामपंचायतीचा कचरागाडा)

हा तिसरा कॅन या गाड्यात चढत नाही, चढूही नये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उघडण्याचं काम स्थानिक संस्थांवर सोपवलं. आपल्या नगरपालिकेत किंवा पंचायतीत ते कुठे आहे, हे लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत कॅन घराबाहेर, सावलीत, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा.

खरं तर हा कॅन भरायलाच नको. मशीनची टाकी एक लिटरच्या आसपास असते. पाच लिटर एकदम कालवून ठेवण्यात फायदा कुणाचाच नाही. दिवसाला लागेल तेवढंच मिसळा. मशीनच्या पुस्तकात २५:१ असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजपंचे टोपणाने मोजू नका, मापाचा पेला स्वस्तात मिळतो.

पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. एकेक सुटं करून उघड्यावर, विस्तवापासून लांब वाळवा.

(दृश्य : कॅनवर चिठ्ठी चिकटवणारे हात)

चिठ्ठीवर तीन गोष्टी : पेट्रोल आणल्याची तारीख, ऑइलचं प्रमाण, आणि ‘थर सुटलेलं, वापरू नये’. पेन्सिलने लिहा. पेनाची शाई पेट्रोलचा हात लागला की पुसली जाते.